चौथीची दोन पानं

वाचनाला दहाच्या ठोक्याला बसायचं, हा एक्केचाळीस वर्षांचा शिरस्ता. दहाला चार मिनिटं कमी असताना ताईने फाइलमधला पिवळा पडलेला कागद उचलून सगळ्यांत खाली सरकवला, त्यावर चाचण्यांचे तक्ते ठेवले आणि फाइलची दोरी दोनदा गुंडाळली.

आप्पा जेवणाच्या टेबलाच्या टोकाला आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, डाव्या कानात श्रवणयंत्र, खिशाला दोन पेनं. मुख्याध्यापकाची खुर्ची सोडून सोळा वर्षं झाली, वय चौऱ्याऐंशी. तरी वाचनाच्या रविवारी ते शाळेत निघाल्यासारखे तयार होत.

शाळा काढली त्या वर्षी पहिली ते सातवीचा आराखडा त्यांनी एकट्याने लिहून काढला होता. कुठल्या इयत्तेत कुठला घटक, कुठल्या क्रमाने, किती तासांत. नवं वर्ष सुरू होण्याआधीच्या रविवारी घरच्यांनी टेबलाभोवती बसून तो पानापानाने मोठ्याने वाचायचा. बदल सुचवायचा असेल त्याने त्या पानावर थांबवायचं. सह्या चौघांच्या: आप्पा, ताई, मधली बहीण आणि धाकटा भाऊ. एक सही कमी पडली तर त्या बदलाने वर्षभर तोंड उघडायचं नाही. आजवर सतरा बदल झाले होते. चौथीच्या गणिताला कुणी हात लावला नव्हता.

ताई तीन वर्षांपूर्वी शाळेची शैक्षणिक प्रमुख झाली. त्याआधी एकवीस वर्षं सहावी-सातवी शिकवून तिच्या उजव्या खांद्यात फळ्याचं दुखणं कायमचं राहिलं होतं. यंदा तिला चौथीच्या गणितातली दोन पानं मागेपुढे करायची होती. आज अपूर्णांक आधी येत होते, भागाकार नंतर. तिला भागाकार आधी हवा होता. सोमवारी नवा आराखडा शिक्षकांच्या हातात पडणार होता. आज सह्या झाल्या नाहीत तर येत्या चौथीची चौऱ्याण्णव मुलं पुन्हा त्याच खड्ड्यातून जाणार होती.

आणि खाली सरकवलेल्या त्या कागदाने तिची झोप उडवली होती. शुक्रवारी आप्पांच्या कपाटात श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या शोधताना तो बॅटऱ्यांच्या डब्याखाली सापडला. चौथीच्या गणिताचा मूळ खर्डा, आप्पांच्या हातचा, कडेला गोलात पानांचे आकडे. सहा: भागाकार. सात: अपूर्णांक.

म्हणजे आप्पांनी बरोबरच लिहिलं होतं. प्रती बांधताना पानं चुकली आणि ती चूक एक्केचाळीस वर्षं शाळेने डोक्यावर घेऊन मिरवली. एका शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थिनीने तर या ‘वैशिष्ट्यपूर्ण क्रमा’वर प्रबंध लिहून पदवी मिळवली होती. शिक्षकांच्या टाचणवहीतली चुकलेली तारीखसुद्धा ज्यांनी कधी सोडली नाही, त्या आप्पांना हे दिसलंच नाही? आणि ते आता, या वयात, सगळ्यांसमोर त्यांना दाखवायचं?

नाही, असं ताईने ठरवलं. तक्त्यांवर जिंकायचं, नाहीतर नाही. मग कागद बरोबर आणला कशाला?

---

पहिली आणि दुसरी मधलीने वाचली. ती डोळ्यांची डॉक्टर होती, दोन तास गाडी चालवून सकाळीच पोचली होती आणि घरात तिला सगळे डॉक्टर म्हणायचे. औषधाची चिठ्ठी वाचावी तशी ती भराभर वाचत होती.

“जरा हळू,” आप्पा म्हणाले.

“ऐकू येत नाही का?”

“ऐकू येतंय. कळत नाही.”

तिसरी ताईने वाचली. वहिनीने, म्हणजे धाकट्याच्या बायकोने, चहा ओतला. वहिनीला सही नव्हती. ती गेली सहा वर्षं चौथीला गणित शिकवत होती, पण वाचनाला बसायची ती घरची सून म्हणून.

चौथी नेहमी धाकट्याकडे. तो शाळेची इमारत, बस आणि प्रवेश बघायचा. शिकवण्याशी त्याचा संबंध वर्षातून या एका दिवसापुरता. पण चौथीचं बाड हातात घेतलं की त्याचा आवाज बदलायचा.

“गुणाकार, तास अठरा,” त्याने वाचलं. पान उलटलं. “अपूर्णांक, तास सोळा.”

“थांब,” ताई म्हणाली. “या पानावर.”

धाकट्याने चष्मा कपाळावर चढवला. “या?”

“या आणि पुढच्या. अदलाबदल सुचवतेय. आधी भागाकार, मग अपूर्णांक.”

“चला,” डॉक्टर म्हणाली, “आता चहा गरम हवा.”

ताईने तक्ते मांडले. शाळा काढल्यापासूनच्या चाचण्या. गेली चौदा वर्षं पाचवीचे शिक्षक दर वर्षी पहिले नऊ आठवडे चौथीचे अपूर्णांक पुन्हा शिकवतात. चौथीचं गणित आधी आई शिकवायची; तिच्या निवृत्तीपर्यंतचे निकाल सरळ रेषेत, पुढे घसरण. धाकट्याने तक्त्यावर नजर टाकली, न टाकल्यासारखी.

“ताई, प्रवेशाच्या सभेत मी पालकांना काय सांगतो माहितेय? बाकी शाळांत आधी भागाकार घोकतात. आमच्याकडे आधी भाग कळतो, मग भागाकार येतो. टाळ्या पडतात.”

“टाळ्या पालक वाजवतात. पेपर पोरं लिहितात.”

“म्हणजे आप्पांनी क्रम उगाच लावला?”

ताईने आप्पांकडे बघितलं नाही. “मी चौथीच्या वर्गात मागे बसले होते, गेल्या सत्रात. तिसऱ्या बाकावर एक मुलगी. गणित होतं, वीसचे तीन चतुर्थांश किती. तिने वीस ठिपके काढले. चार गोल काढले. एकेक ठिपका एकेका गोलात टाकत गेली. प्रत्येकात पाच आले. तीन गोल मोजले, पंधरा. उत्तर बरोबर.”

“मग झालं की.”

“अकरा मिनिटं लागली. पुढच्या गणितात आकडा होता तीनशे साठ. तिने पेन्सिलीला टोक केलं आणि ठिपके काढायला लागली.” ताई थांबली. “शंभरापर्यंत बघितलं मी. मग बाहेर जाऊन उभी राहिले.”

धाकट्याने कपातला चहा ढवळला, त्यात साखर टाकली नव्हती तरी.

“शिकवणारा कमी पडत असेल,” तो म्हणाला.

वहिनीने किटली खाली ठेवली. “शिकवणारी मी आहे.”

“तुला नाही म्हणत मी.”

“चौथीला दुसरं कोण आहे?”

डॉक्टरने खिडकीबाहेर बघण्याचं नाटक केलं. ते तिला कधीच जमलं नव्हतं.

“तक्ते मीच दिलेत ताईंना,” वहिनी म्हणाली. “गेली दोन वर्षं आम्ही दोघी मिळून करतोय.”

“दोन वर्षं? आणि घरात मला एका शब्दाने नाही?”

“आप्पांचा क्रम म्हटलं की तू सावधानमध्ये उभा राहतोस. तशा माणसाशी काय बोलायचं?”

धाकट्याचे कान लाल झाले. लहानपणीही आधी त्याचे कानच लाल व्हायचे. ताईला ते दिसलं आणि तिला वाईट वाटलं. त्याची बायको तिच्या बाजूला आली म्हणून जिंकल्याचं काही तिला वाटेना.

तो बराच वेळ आराखड्यावरची धूळ झटकत राहिला. धूळ नव्हती. मग शांतपणे म्हणाला, “आईने हाच क्रम सत्तावीस वर्षं शिकवला. तिची एक चौथी अडली नाही. तुझेच तक्ते सांगतायत.”

दोन वर्षं ताई इथेच अडली होती. आईला जमलं ते नंतरच्या कुणालाच का जमलं नाही?

“हे मात्र खरं,” डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज आता औषधाची चिठ्ठी वाचणारा राहिला नव्हता. “शाळेच्या पहिल्या वर्षी मीच चौथीत होते ना. आई रोज रद्दीचे कागद घेऊन यायची. घडी घाला, उघडा, रंगवा. घडी घाला, उघडा, रंगवा. घरी येऊन मी टॉवेलच्यासुद्धा आठ घड्या घालायचे. आम्हाला कुणाला वाटलंच नाही की गणित चाललंय.” तिने ताईकडे बघितलं. “आईचं आहे गं ते. नको मोडूस. तास वाढव, शिक्षक वाढव. क्रम राहू दे.”

“तुझी सही नाही?”

“आजच्या दिवस नाही. रागावू नकोस.”

रागाचा प्रश्नच नव्हता. ताईचा हात फाइलच्या दोरीवर गेला. एक वेढा उलगडला. कागद बाहेर काढला की वाद संपत होता. आप्पांच्या हातचं, आप्पांच्या शाईतलं, धाकट्याला उभं राहायला जागा उरली नसती. आणि आप्पा? ते कपात बघत बसले होते. शर्टाच्या वरच्या बटणाशी मान बारीक झालेली दिसत होती. कॉलरमध्ये दोन बोटं सहज गेली असती.

तिने दोरी पुन्हा गुंडाळली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “यंदा राहू दे. पुढचं पान वाच.”

वहिनीने मान खाली घातली. धाकट्यालाही जिंकल्यासारखं वाटलं नसावं, कारण त्याने पान उलटलं नाही.

“त्या फाइलीत पिवळा कागद आहे,” आप्पा म्हणाले.

ताईला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“शुक्रवारी तू बॅटऱ्या काढून दिल्यास. नंतर डबा उचलला तर खाली काही नव्हतं. काढ.”

“आप्पा, असू दे.”

“काढ म्हणतो ना.”

तिने काढला. आप्पांनी तो टेबलावर सपाट केला आणि धाकट्याकडे सरकवला. धाकट्याने वाचला. पुन्हा वाचला. गोलातल्या सहावर बोट ठेवलं, मग सातवर, मग समोरच्या बाडात बघितलं.

“उलटी लागलीत,” तो म्हणाला. मग त्याचा चेहरा बदलला. “चौथी मी लावली होती.”

ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. प्रती याच टेबलावर बांधल्या गेल्या. प्रती काढणाऱ्या यंत्रात कागदाची खालची कड कापली गेली, आकडे गेले, म्हणून गठ्ठे क्रमाने मांडायचे आणि टेबलाभोवती फिरत एकेक पान उचलायचं. ताई बारा वर्षांची, डॉक्टर नऊ, धाकटा सहा. चौथीचे गठ्ठे त्याने मांडले, स्टुलावर चढून.

“मध्ये दूध प्यायला उतरलास,” आप्पा म्हणाले. “दोन गठ्ठे हातात होते. परत आलास तेव्हा ते ठेवलेस.”

“तुम्ही बघितलंत?”

“बघितलं असतं तर तिथेच सांगितलं असतं. अंदाजाने बोलतोय. तुमच्या आईने पकडलं, तिसऱ्या महिन्यात. स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, चौथीची दोन पानं उलटी आहेत. मी म्हटलं, उद्या साठच्या साठ प्रती उसवतो. ती म्हणाली, पोरगं अख्ख्या गल्लीला सांगत फिरतंय, चौथी मी लावली, आप्पा म्हणाले चोख काम. जरा थांबा. मी बघते.”

धाकट्याने कागदावरचं बोट काढून घेतलं. कान मात्र बोलत होते.

“वर्षाच्या शेवटी तिच्या वर्गावर गेलो तपासणीला. कागदाच्या घड्या चालल्या होत्या. बाराचे चार भाग, प्रत्येकात किती. अठराचे तीन, प्रत्येकात किती. पंधरा मिनिटांनी माझ्या डोक्यात उजेड पडला. बाई भागाकार शिकवत होती. नाव घेत नव्हती, चिन्ह काढत नव्हती, पण शिकवत होती भागाकार. तो पक्का झाला की मगच अपूर्णांकाला हात.”

“म्हणजे तिने आधी भागाकारच शिकवला,” ताई हळूच म्हणाली.

“तुझाच क्रम. वेळापत्रकावर अपूर्णांक लिहायचं आणि आत हे. सत्तावीस वर्षं.”

ताईने तिच्या तक्त्यावरच्या सरळ रेषेकडे बघितलं. दोन वर्षं ती या रेषेशी भांडत होती.

“मग आई निवृत्त झाल्यावर का नाही सांगितलंत?” हे वहिनीने विचारलं. आवाज वर गेला नव्हता. टेबलावरच्या सगळ्यांत हा प्रश्न विचारायचा हक्क तिचाच होता, आणि ते सगळ्यांना कळलं.

आप्पांनी खिशातलं एक पेन काढलं आणि परत ठेवलं. “तेव्हा वाटलं, नवे शिक्षक घड्या उचलतील. तिने लिहून काहीच ठेवलं नव्हतं. मग ती गेली. पानं नीट लावली असती तर घड्या लागल्याच नसत्या, आणि शाळेत तिचं तेवढंच उरलं होतं. उलटी लागलेली दोन पानं.” ते थांबले. “मी ते जपलं, आणि त्यापायी चौदा चौथ्यांचं नुकसान केलं. त्यातल्या सहा तुझ्या. तुला वाटलं असेल, आपल्यालाच शिकवता येत नाही.”

“वाटलं,” वहिनी म्हणाली.

आप्पांनी मान खाली घातली. डॉक्टरने चष्मा काढून पदराला पुसला, स्वतःच्याच डोळ्यांवर तिच्याकडे औषध नव्हतं. ताईने उठून आप्पांच्या खुर्चीमागे जाऊन उभं राहायचं ठरवलं, पण ती उठण्याआधीच वहिनी बोलली.

“मला घड्या शिकवा.”

आप्पांनी वर बघितलं.

“दोनच्या, चारच्या येतात. तीनची मला कधीच नीट जमली नाही. एक भाग नेहमी मोठा होतो. पोरं हसतात.”

“तीनची अवघड,” आप्पा म्हणाले. “तिला महिना लागला होता. मला दाखवली होती एकदा.”

ताईने तक्त्यातलाच एक कागद दिला. आप्पांनी तो घेतला. हात थरथरत होते, कागद वाजायला लागला. “धाकट्या, तू धर. घडी दाबायची नाही अजून. नुसता वळव. एक कड इकडून आत, दुसरी तिकडून. आता दोन्ही सरकव, थोडं थोडं. तिन्ही थर सारखे दिसेपर्यंत. घाई करू नको.”

“करत नाहीये.”

“जीभ बाहेर काढून करतोयस, म्हणजे घाईच.”

डॉक्टर हसली. धाकट्याने जीभ आत घेतली, पुन्हा काढली आणि थर जुळवत राहिला. “आता दाब,” आप्पा म्हणाले. त्याने अंगठ्याने कड दाबली, कागद उघडला आणि वहिनीपुढे धरला. तिने वहीतल्या पट्टीने तिन्ही भाग मोजले.

“सात, सात, सात,” ती म्हणाली. “इतकी वर्षं कुठे होतास?”

“बस बघत होतो.”

ताईने तिचा आराखडा पुढे ओढला. तिने सहाव्या पानावर भागाकार ठेवला होता, तास वीस, आणि पहिल्याच तासाला चिन्ह. नीटनेटकं होतं. घड्यांना त्यात एक तासही नव्हता. दोन वर्षांत तिला ते सुचलं नव्हतं, कारण घड्यांचा उपयोग तिला कळलाच नव्हता. तिने ‘चिन्ह’ शब्दावर काट मारली आणि समासात लिहिलं: पहिले सहा तास कागदाच्या घड्या, भागाकाराचं नाव न घेता. मग ते वहिनीपुढे सरकवलं.

“सहा पुरतील?”

“आठ द्या,” वहिनी म्हणाली. “दोन गोंधळाचे.”

ताईने आठ केले. खाली सह्यांच्या चार रेघा होत्या. तिने पेनाने पाचवी आखली आणि वहिनीकडे बघितलं. वहिनीने आप्पांकडे बघितलं. आप्पांनी खिशातलं दुसरं पेन काढून तिला दिलं. तिने पाचव्या रेघेवर सही केली.

डॉक्टरने सही केली. “टॉवेलच्या घड्या मी दाखवायला येईन,” ती म्हणाली. ताईने केली. धाकट्याने पेन घेतलं, पण सही आधी केली नाही. जुन्या बाडाची टाचणी काढली. ती गंजली होती आणि निघताना कागदावर तांबूस वण राहिले. त्याने सहावं आणि सातवं पान वेगळं काढलं, जागा बदलली, आणि शेवटच्या पानावर अडला.

तिथे खाली लिहिलं होतं, ‘लेखन’, आणि पुढे आप्पांची सही. त्याखाली ‘जुळणी’, आणि तीन पोरांच्या तीन सह्या. तिसरी सगळ्यांत मोठी, रेघेबाहेर गेलेली, त्यातलं एक अक्षर उलटं.

“आकडे घालू का?” त्याने विचारलं.

“घाल.”

त्याने वरच्या कोपऱ्यात आकडे घातले, एक ते अकरा, प्रत्येकाभोवती गोल. कुणी घाई केली नाही. मग त्याने पानं टेबलावर ठोकून कडा सारख्या केल्या, नवी टाचणी लावली, ताईच्या आराखड्यावर सही केली आणि बाड आप्पांपुढे ठेवलं.

आप्पांनी उचललं. “चोख,” असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं.

“आधी तपासा,” धाकटा म्हणाला.

आप्पांनी चष्मा लावला. अंगठ्याला जीभ लावून एकेक पान उलटलं, ओठांतल्या ओठांत मोजत. सहाव्यावर थांबले. सातव्यावर जरा जास्त थांबले, आणि त्या पानावर तळहात ठेवून एकदा फिरवला. मग उरलेली चार मोजली, बाड बंद केलं आणि सही करायला खिशातलं पेन काढलं.

“चोख काम,” ते म्हणाले.